चिमणराव आता कोणाचे? एकांकिकेसाठी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न कायद्याचा आहे, पण थोडी हकिगत सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

मी सांगलीची. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आमच्या गल्लीतलं वाचनालय २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्याखाली गेलं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फूट ओलांडून गेलं, त्या दिवसांतली गोष्ट. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर खालच्या तीन फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती, की फळीसकट बाहेर काढावी लागली. त्यात चिं. वि. जोशींच्या 'चिमणरावाचे चऱ्हाट'ची जुनी प्रत होती. बाकीची पुस्तकं कचऱ्याच्या गाडीत गेली, ही एक मी घरी आणली. दर दोन पानांत वर्तमानपत्राचा तुकडा, वरून टाल्कम पावडरचा हात आणि आठ दिवस पंख्याखाली. पानं सुटली, पण कडेनं गाळाची तपकिरी रेघ राहिली ती राहिलीच. घराच्या भिंतीवर राहते तशी.

पुस्तक वाळवता वाळवता मी ते चाळीस वर्षांनी पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट मनात बसली. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला त्याबद्दल बोलता येत नाही. आमच्या गल्लीत आजही त्या आठ दिवसांचं कोणी पुरतं सांगत नाही, दोन वाक्यं झाली की विषय बदलतो. चिमणरावांच्या तोंडून मात्र ते सांगता येईल असं मला वाटलं. भिडस्त माणूस, संसाराला जपणारा, कोणाला नाही म्हणता न येणारा. आणि शेजारी सोटा घेऊन उभा गुंड्याभाऊ. तलाठी पंचनाम्याला येतो. चिमणराव खरं तेवढंच सांगतात, की आमच्याकडे पाणी ओट्यापर्यंतच आलं हो. गुंड्याभाऊ सोट्यानं भिंतीवरची रेघ दाखवत ती हातभर वर आहे म्हणून हटून बसतो. चिमणरावांची बायको काऊ आतून एकेक भिजलेली वस्तू आणून अंगणात मांडत जाते, काही न बोलता. एकांकिकेचं नाव 'चिमणरावांचा पंचनामा'. कथा पूर्ण माझी आहे, मूळ गोष्टींतला एकही प्रसंग किंवा संवाद घेतलेला नाही. माणसं तेवढी चिं. विं.ची.

वाचनालयाच्याच मंडळींनी ती बसवायला घेतली आहे. चिमणराव करणारे बँकेतून निवृत्त झालेले कॅशिअर आहेत, गुंड्याभाऊ हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, आणि काऊ करणारी मुलगी शिवणकाम करते. प्रयोग ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी करायचा विचार आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' केलं, त्यामुळे तो दिवस आम्हाला घरच्या कार्यासारखा. तिकीट ५० रुपये. जमतील ते पैसे वरच्या मजल्यावर लोखंडी रॅक बसवायला लागतील.

आता अडचण. आमचे खजिनदार म्हणतात, कॉपीराइटची नोटीस आली तर कोण निस्तरणार? त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही, कारण एकदा हात पोळला आहे. २०१४ साली एका लाडक्या बालनायकाला घेऊन मी मुलांचं नाटुकलं लिहिलं होतं. चौदा मुलं, दीड महिना तालीम. प्रयोगाच्या चार दिवस आधी सभागृहवाल्यांनी परवानगीपत्र मागितलं. ते आमच्याकडे नव्हतं, कारण ते घ्यावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. प्रयोग रद्द झाला. चूक माझीच होती, हे आज कळतं. पण तिसरीतल्या एका मुलीनं कुत्र्याची शेपटी स्वतः लोकर गुंडाळून केली होती. ती शेपटी हातात घेऊन "बाई, मग कधी?" असं ती विचारत होती, ते मला अजून आठवतं.

तर चिमणराव-गुंड्याभाऊंना नव्या गोष्टीत घ्यायला आज परवानगी लागते का? लागत असेल तर कोणाची? दूरदर्शनवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकरांनी चिमणरावांना जो आवाज दिला, तो आमच्या कॅशिअरकाकांच्या गळ्यात अगदी बसला आहे. तो चालेल का?

आणि एक प्रश्न कायद्यापलीकडचा आहे, तोही विचारते. 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा आपण पेपरात वाचतो तेव्हा गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम आपल्याला आठवतही नाही, इतका तो मराठीत विरघळला आहे. एका माणसानं घडवलेलं पात्र सगळ्या गावाचं होऊन गेलं. असं व्हावं ही लेखकाची सगळ्यात मोठी कमाई, असं मला वाटतं. मग ते पात्र हाताळताना आपण चोरी करतोय अशी भीती का वाटावी?

---

कोल्हापूरची_वकील

ताई, आधी आनंदाची बातमी. निर्धास्त तालीम करा, फक्त खालचे दोन-तीन खड्डे चुकवा.

आपल्याकडे १९५७ चा कायदा आहे. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मोजणी मृत्यूच्या तारखेपासून नसते, पुढच्या १ जानेवारीपासून असते. चिं. वि. जोशी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी गेले. मोजणी १ जानेवारी १९६४ पासून, म्हणजे ३१ डिसेंबर २०२३ ला मुदत संपली. १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन सगळ्यांचं आहे. छापा, नाटक करा, नवी गोष्ट लिहा, तिकीट लावा. परवानगी कोणाचीच नको.

ही ६० वर्षं आधी ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांचं लेखन १९९१ अखेर खुलं होणार होतं. तेव्हा बराच विचार होऊन १९९२ मध्ये सर्वांसाठीच दहा वर्षं वाढवली गेली. ती वाढली नसती तर चिमणराव २०१४ सालीच मोकळे झाले असते.

आता खड्डे. लेखकाच्या मृत्यूनंतर जे लेखन पहिल्यांदा छापलं गेलं, त्याची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. तेव्हा तुमचा आधार त्यांच्या हयातीतल्या पुस्तकांचाच असू द्या. तुमची ती भिजलेली प्रत जुनी आहे म्हणता, मग तीच पुरावा म्हणून जपून ठेवा. पुस्तकातली चित्रं वेगळ्या चित्रकाराची असतील तर त्याचा हक्क वेगळा चालतो, म्हणून पोस्टरवर ती स्कॅन करून टाकू नका.

मालिकेचं प्रकरण निराळं आहे. चित्रपट आणि मालिकेला प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण असतं. ती मालिका सत्तरच्या दशकाच्या अखेरची, म्हणजे ते हक्क अजून जिवंत आहेत. मालिकेसाठी लिहिलेले संवाद, तिथे नव्यानं घातलेले प्रसंग, तिचं संगीत यातलं काही घेऊ नका. अभिनेत्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून त्यावर जाहिरात करणं तर टाळाच. अलीकडे कोर्टं कलाकारांचं नाव, चेहरा, आवाज यांना बरंच संरक्षण देऊ लागली आहेत. २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टानं अनिल कपूर यांच्या बाबतीत त्यांच्या 'झकास' म्हणण्याच्या लकबीपर्यंत मनाई हुकूम दिला. तुमच्या छोट्या प्रयोगावर कोणी धावून येईल असं नाही, पण कॅशिअरकाकांना स्वतःचे चिमणराव शोधू द्या. पुस्तकात आवाज लिहिलेला नाही, तो त्यांचाच असू शकतो.

आणि याच कायद्याचं कलम ५७. लेखकाचं लेखकपण मान्य करावं, त्याच्या कृतीची त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड करू नये, हा हक्क पैशाच्या हक्काहून वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मोडतोडीच्या तक्रारीला कॉपीराइटच्या मुदतीची अटही उरलेली नाही. म्हणून 'मूळ पात्रे : चिं. वि. जोशी' हे पोस्टरवर ठळक हवं.

---

पेठेतला_वाचक

प्रश्न जोडतो. मग फास्टर फेणे घेतला तर? आणि गोट्या? आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांचं काहीतरी करायचं आहे. आणि मुळात कायद्यात 'पात्र' असा शब्द आहे का? पुस्तकाला कॉपीराइट असतो ते समजलं, पण नुसत्या माणसाला कसा?

---

कोल्हापूरची_वकील

फेणे नाही. भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यामुळे २०६१ संपेपर्यंत बन्या फेणे त्यांच्या वारसांच्या परवानगीनंच. गोट्या चालेल. ना. धों. ताम्हनकर १९६१ साली गेले, १ जानेवारी २०२२ पासून गोट्या मोकळा आहे. मात्र गोट्यावरच्या मालिकेतलं 'बीज अंकुरे अंकुरे' हे गाणं मालिकेचं, पुस्तकाचं नव्हे.

दुसरा प्रश्न नेमका विचारलात. कायद्यात 'पात्र' अशी स्वतंत्र नोंद नाही. जे काही आहे ते कोर्टांनी हळूहळू घडवलं. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कोणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या रीतीवर असते. तेव्हा 'भित्रा गृहस्थ आणि त्याचा दांडगा भाऊ' हे कोणीही लिहावं. पण पात्र जितकं नेमकं रेखाटलेलं, तितकं ते मांडणीत मोडतं. म्हणून नव्वदच्या दशकात दिल्ली हायकोर्टानं 'नागराज' कॉमिक्सच्या बाजूनं 'नागेश'ला रोखलं. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टानं चुलबुल पांडेच्या वादात तातडीची मनाई दिली नाही, कारण अर्जदार उशिरा आले. पण असं वेगळं उठून दिसणारं पात्र संरक्षणाला पात्र ठरू शकतं, हे तत्त्व मान्य केलं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो केरळचा खटला. टॉम्स नावानं चित्रं काढणारे व्ही. टी. थॉमस. त्यांची बोबन आणि मोली ही दोन खोडकर भावंडं तिकडे घरोघरी माहीत. मलयाळ मनोरमाची नोकरी सोडून ते दुसरीकडे ती चित्रं काढायला लागले, तेव्हा मनोरमा कोर्टात गेली. १९८८ साली केरळ हायकोर्टानं टॉम्सना थांबवायला नकार दिला. नोकरीत असताना छापून आलेल्या चित्रांचा हक्क प्रकाशकाकडे असेल, पण ही मुलं नोकरीच्या आधीपासून त्यांच्या डोक्यात आणि हातात होती. नोकरी सुटली म्हणून ती मागे राहत नाहीत. निकालाची भाषा कायद्याची आहे, पण वाचताना मला दप्तरं घेतलेली दोन पोरं एका माणसाचा हात धरून ऑफिसातून बाहेर पडताना दिसली.

---

शाईची_दौत

ताई, तुमची तळमळ समजते. तुमचा प्रयोग व्हावा असंच मलाही वाटतं. पण "चोरीची भीती का वाटावी" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

माझे वडील एकांकिका लिहायचे. नाव सांगत नाही, फार मोठे नव्हते. पण त्यांची एक एकांकिका कॉलेजांमध्ये, गणेशोत्सवांत खूप झाली. किती झाली ते आम्हाला माहीत नाही, कारण कळवायचं कोणी नाही. त्यांच्याकडे एक वही होती. कोणी पत्र टाकलं, मनीऑर्डर आली, की तारीख, गाव, संस्थेचं नाव त्यात लिहायचे. अकरा वर्षांत सत्तावीस नोंदी आहेत. आणि कुठल्याही गावी गेलो की कोणीतरी भेटून म्हणायचं, "तुमची एकांकिका आमच्याकडे जोरात झाली!" बाबा हसून "वा!" म्हणायचे आणि घरी येऊन वही उघडून बसायचे. त्यात ते गाव नसायचं.

एका संस्थेनं शेवट बदलला होता. बाबांच्या एकांकिकेत म्हातारी घर सोडून जाते. यांनी तिला परत आणून सगळ्यांना रडवलं आणि बक्षीस मिळवलं. बाबांना ते एका प्रेक्षकाकडून कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

म्हणून सांगते, ६० वर्षं जास्त वाटत असतील, पण ज्याचं पात्र आहे तो असेपर्यंत तरी त्याला विचारावं. 'सगळ्या गावाचं झालं' हे लेखकाच्या पश्चात म्हणायला छान आहे. त्याच्या हयातीत गावानं त्याला एक कार्ड तरी टाकावं. तुम्ही २०१४ मध्ये विचारलं नव्हतं, हे मोकळेपणानं लिहिलंत म्हणून एवढं बोलले. रागावू नका.

---

कृष्णाकाठ

रागावणं दूरच. तुमचा प्रतिसाद मी काल रात्री तालमीत सगळ्यांना वाचून दाखवला. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

तुमचं बरोबर आहे. मी दोन गोष्टी एकात मिसळल्या होत्या. लेखक हयात आहे, त्याचं घर त्यावर चालतं, किंवा चालत नसलं तरी ते पात्र अजून त्याच्या हातात घडतंय, तेव्हा विचारणं हा साधा रीतभात पाळण्याचा भाग आहे. २०१४ मध्ये मी विचारायला हवं होतं. कदाचित आनंदानं हो म्हणाले असते. चौदा मुलांचा प्रयोग माझ्या न विचारण्यामुळे गेला, कायद्यामुळे नाही.

पण दुसरी गोष्टही तितकीच खरी वाटते. आपण मुदतीत विचारत नाही आणि मुदत संपल्यावर हात लावत नाही. २०२४ उजाडलं तेव्हा चिमणराव मोकळे झाले, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. आमच्या वाचनालयात तेवीसशे पुस्तकं आहेत, त्यातली कोणती आता सगळ्यांची झाली याची यादी कोणी केलेली नाही. 'श्यामची आई' तेवढी दिसते, कारण साने गुरुजी १९५० साली गेले आणि २०११ पासून ती खुली झाली, आता अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या मिळतात. बाकीच्यांचं काय? पात्राला कोणी नवं काम दिलं नाही तर ते कपाटात राहतं, आणि कपाटात राहिलेल्याचं काय होतं ते मी २०१९ ला हातानं उपसलं आहे.

गवळणीतली मावशी बघा. पेंद्या बघा. तमाशाचा कुठलाही फड घ्या, मावशी तीच आणि बोलणं त्या त्या गावचं. आज सकाळी बाजारात काय भाव निघाला तेही ती संध्याकाळी बोलून दाखवते. तिला कोणी एकानं लिहिलं नाही, म्हणून ती टिकली असं मी म्हणत नाही. तिला रोज कोणीतरी बोलतं केलं, म्हणून ती टिकली.

---

बडोदेकर

सांगलीच्या ताईंना नमस्कार. वय ७८, टाइप करायला वेळ लागतो, थोडक्यात लिहितो.

चिं. वि. आमच्या गावचे, म्हणजे नोकरीनं. बडोदा कॉलेजात शिकवत, पुढे बडोदे संस्थानच्या दप्तराचं काम त्यांच्याकडे होतं. पालीचे पंडित. ज्या माणसानं दिवसा संस्थानची जुनी कागदपत्रं सांभाळली त्यानंच रात्री चिमणराव लिहिला, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

पालीचा उल्लेख मुद्दाम केला. जातककथा त्यांनी मराठीत आणल्या. जातकं म्हणजे तरी काय? माकड, मगर, ससा, कासव, सगळी लोकांची पात्रं, भिक्षूंबरोबर देशोदेशी गेलेली आणि प्रत्येक ठिकाणी तिथली झालेली. ज्यानं अशा गोष्टी आयुष्यभर हाताळल्या त्याचीच पात्रं आता त्या वाटेला लागली. मला हे योग्य वाटतं.

एक विनंती. चिमण, काऊ, मोरू, मैना, राघू. अख्खं घर पाखरांचं केलं आहे त्यांनी. नवी गोष्ट लिहिताना ती नावं बदलू नका. पुराच्या गोष्टीत तर ती फार शोभतील.

---

ह्यूस्टनवासी

एक योगायोग सांगायला आलो. १ जानेवारी २०२४. त्याच दिवशी इकडे अमेरिकेत १९२८ च्या 'स्टीमबोट विली'मधला मिकी माऊस खुला झाला. वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळीकडे तोच विषय. आमच्या चिमणरावांचाही तोच दिवस होता हे मला आज हा धागा वाचून कळलं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला.

इकडे १९२८ च्या कामाचा हिशेब प्रकाशनापासून ९५ वर्षांचा आहे. आधी तो ७५ होता, १९९८ च्या कायद्यानं वीस वर्षं वाढली. खुला झालाय तोही फक्त त्या पहिल्या चित्रपटातला मिकी. नंतर त्याला जे हातमोजे, जो रंग आला ते नाही. शिवाय ट्रेडमार्क वेगळा, आणि तो नूतनीकरण करत राहिलं तर कधीच संपत नाही.

शेरलॉक होम्सचंही असंच तुकड्यातुकड्यानं झालं. जुन्या कथा खुल्या, शेवटच्या दहा बंद, अशी स्थिती असताना वारसदारांचं म्हणणं होतं की पात्र शेवटच्या कथेपर्यंत घडतच होतं, म्हणून सगळंच बंद. २०१४ साली इथल्या अपील कोर्टानं ते फेटाळलं. जुन्या कथांतला होम्स सर्वांचा, नंतरच्या कथांत जे नव्यानं आलं तेवढंच राखीव. शेवटच्या कथा २०२३ च्या १ जानेवारीला खुल्या झाल्या आणि वाद संपला. वकीलताईंनी मालिकेतल्या आवाजाबद्दल जे सांगितलं ते याच जातीचं आहे.

आपल्याकडचा देवदास विसरू नका. तो लिहिणारे बंगाली कादंबरीकार शरदबाबू १९३८ साली गेले, तेव्हाच्या ५० वर्षांच्या नियमानं १९८९ पासून देवदास मोकळा. त्यानंतर २००२ चा श्रीमंती थाटाचा देवदास आला, २००९ चा दिल्लीत दारूच्या दुकानांतून भटकणारा देव आला. दोघांनाही कोणाची परवानगी लागली नाही.

---

कोल्हापूरची_वकील

ताई, एक राहिलं. 'चिमणरावांचा पंचनामा' या संहितेवर आता तुमचा हक्क आहे. पात्रं खुली असली तरी तुम्ही लिहिलेली गोष्ट, तलाठी, ते संवाद हे सगळं तुमचं. तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. कोणी दुसरा तुमची संहिता उचलून प्रयोग करू लागला तर तुम्ही अडवू शकता. पण कोणी चिमणरावांना घेऊन पुरावरच दुसरी गोष्ट लिहिली तर अडवू शकत नाही. संहितेच्या पहिल्या पानावर तुमचं नाव आणि साल लिहा. नोंदणी सक्तीची नाही. हक्क लिहिल्याक्षणी तयार होतो. तिकीट लावताय, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेचं प्रमाणपत्र तेवढं वेळेत घ्या.

---

कृष्णाकाठ

वकीलताई, हे वाचून मी थोडी गोंधळलेच. एवढे दिवस मी मागणाऱ्याच्या जागी उभी होते. देणाऱ्याच्या जागी उभं राहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

काल बसून पहिलं पान लिहिलं. वर 'मूळ पात्रे : चिं. वि. जोशी (१८९२–१९६३)'. खाली एकांकिकेचं नाव, त्याखाली माझं. मग असं लिहिलं : 'ही एकांकिका कोणत्याही हौशी संस्थेनं, शाळेनं, वाचनालयानं करावी. मानधन नको. गाव बदला, नदीचं नाव बदला, बोली तुमची वापरा. शेवट बदलायचा असेल तर आधी मला कळवा, आपण बोलू. प्रयोग झाला की तारीख आणि गावाचं नाव लिहून एक पोस्टकार्ड वाचनालयाच्या पत्त्यावर टाका.' शाईची_दौत, शेवटची दोन वाक्यं तुमच्या बाबांमुळे आली आहेत. दिवाणजीनं अडतीवरून एक नवी कोरी खतावणी आणून दिली आहे, लाल पाठीची. पोस्टकार्डांच्या नोंदी तिच्यात होतील.

खजिनदारांना वकीलताईंचे प्रतिसाद छापून दिले. त्यांनी दोनदा वाचले, ३१ डिसेंबर २०२३ खाली पेनानं रेघ ओढली आणि सभागृहाची अनामत भरून आले. प्रमाणपत्राचा अर्जही त्यांनीच करायला घेतला आहे.

कॅशिअरकाकांनी मालिकेतला आवाज सोडला. पहिले तीन दिवस त्यांना काही सापडेना, नुसतेच पाठांतर म्हटल्यासारखे बोलत होते. चौथ्या दिवशी तलाठ्याच्या प्रवेशात ते एकदम हळू बोलायला लागले, शब्द गिळत गिळत. पाणी कुठवर आलं होतं ते सांगताना हात वर जायचा आणि मध्येच थांबायचा. तालीम संपल्यावर मी विचारलं, हे कुठून आणलंत? म्हणाले, "बाई, माझ्या घराचा पंचनामा झाला तेव्हा मी असाच बोललो होतो."

बडोदेकर काका, पाखरांची नावं तशीच ठेवली आहेत. मैनेला एक वाक्य वाढवलं आहे. ती छपरावरून खाली पाण्याकडे बघत विचारते, "आई, आपल्याला पंख का नाहीत?" काऊ काहीच उत्तर देत नाही, ओली सतरंजी पिळत राहते.

मैना करणाऱ्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. लोकरीची शेपटी करणारी तीच. आता कॉलेजात आहे. यादी करताना मी तिचं नाव सगळ्यात आधी लिहिलं होतं. ५ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा वाजता. सांगलीत असाल तर या.